येळवशीची राखण

दिगूदादाला शाळेनं पंधरा दिवस घरी बसवलं, ही बातमी घरी मीच आणली. बातम्या आणायची मला लहानपणापासून हौस. कुणाची म्हैस व्यायली, कुणाकडे नणंद-भावजयीचं वाजलं, सगळं मायच्या कानावर आधी माझ्याकडून जायचं. त्या दिवशी मात्र दारापर्यंत पळत आले आणि तोंडाला कुलूप लागलं. माय उंबऱ्यात बसून सुपानं तूर पाखडत होती. लातूरच्या आमच्या त्या दोन खोल्यांत सुपाचा तो फटफट आवाज सकाळ-संध्याकाळ असायचाच. तिनं मान वर न करता विचारलं, "काय झालं गं शके?"

"दादाला सरांनी काढलं. शाळेतून. पंधरा दिवस."

"कामून?"

"त्यानं एका पोराचं डोस्कं फोडलं. कंपासपेटीनं."

सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं. "मग बरोबर केलं सरांनी," माय म्हणाली. मी दादाच्या बाजूनं रडायच्या तयारीनं आले होते, माझा सगळा बेत फिसकटला. खरं तर ते पोर आमच्या मायबद्दल वाईट बोललं होतं. आमचे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर, आठवड्यातून तीन-चार रात्री मुक्कामाच्या गाडीवर. कधी नांदेड, कधी देगलूर, कधी उमरी. ड्रायव्हरच्या बायकोबद्दल शाळेतली पोरं काय बोलू शकतात, ते इथं लिहायची गरज नाही. मायला तेही कळलं. तरी संध्याकाळी ती त्या पोराच्या घरी जाऊन आली, त्याच्या कपाळावरची पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आली, आणि दादाला एवढंच म्हणाली, "त्याचं तोंड वाईट हाय, व्हय. पर टाके तुझ्या हातानं पडले."

आमचे हेडसर म्हणजे वझे सर. कोकणातले, रत्नागिरीच्या पलीकडचे. बायको आणि म्हातारी आई तिकडे, हे इकडे एकटे, शाळेमागच्या गल्लीत पुढं ओटा असलेल्या लहानशा घरात. इस्त्रीचा पांढरा सदरा, नाकातलं बोलणं, आणि शिस्त अशी की शाळेतली कबुतरंसुद्धा तास संपल्यावर घुमायची. पोरं त्यांना टरकून असत. चिंचेची आमटी आणि भात यावर माणूस जगतो, याचं आमच्या गल्लीतल्या बायकांना मोठं नवल वाटे.

पहिले दोन-तीन दिवस दादा घरात गरीब गायीसारखा होता. पाणी भरलं, सरपण फोडलं, छपराचा पत्रा ठोकला. मग कामं संपली आणि दिवस उरला. हा उरलेला दिवस फार वाईट. दावं सुटलेलं ढोर आधी गोठ्यापाशीच घुटमळतं, मग त्याला दुसऱ्याच्या पिकाची वाट सापडते. दादाला बब्याची वाट सापडली. बब्या आमच्याच गल्लीच्या टोकाचा, दादापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, आईवेगळा. बाप डाळमिलमध्ये हमाली करायचा आणि संध्याकाळी आपल्याच नादात असायचा. सायकलच्या दुकानामागं बब्या आणि त्याचे दोन जोडीदार दिवसभर बसत. आडतीवरच्या पोत्यांतून मूठ-मूठ तूर काढायची, ती विकायची, विड्या ओढायच्या, जाणाऱ्या-येणाऱ्याला नावं ठेवायची. आठवडाभरात दादाचं चालणं बदललं. भांग बदलला. हाक मारली की तो "काय हाय?" असं म्हणायला लागला, तेही दाराकडं बघत. मायनं दोनदा बजावलं, एकदा रपाटाही दिला. पण अण्णा गाडीवर, आणि मायला घरातली कामं. ती त्याला कुठवर बांधून ठेवणार?

पुढं मी नांदेडला लग्न करून आले आणि तिथंच शाळेत शिकवायला लागले. नोकरीच्या साऱ्या वर्षांत कुठल्याही पोराला काढायची गोष्ट निघाली की मी एकच प्रश्न विचारायची, आणि माझ्या सोबतच्या शिक्षकांना त्याचा कंटाळा यायचा. मी विचारायची, "काढा, पण तो दिवसभर बसणार कुठं?" या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नसायचं. माझ्या मायकडे होतं, आणि ती चौथीपर्यंतसुद्धा शिकलेली नव्हती.

दादाचे ते दिवस संपायच्या आत येळवस आली. बाहेरच्या माणसाला हा सण समजावून सांगणं अवघड. वेळा अमावास्या म्हणतात तिला. आमच्या भागात त्या दिवशी गाव म्हणून काही उरत नाही. दुकानं बंद, गल्ल्या ओस, कुत्रीसुद्धा माणसांच्या मागं रानात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि दिवस मावळेपर्यंत खायचं. आदल्या दिवसापासून आमच्या घरात वासांची नुसती दाटी. भज्जी म्हणजे सगळ्या हिरव्याची मिसळून केलेली भाजी, तिच्यासाठी तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याची भाजी, चुका, मेथी, जे जे हिरवं मिळेल ते, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या घागरीत आंबत ठेवलेली अंबील. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं. त्या अंबिलीचा आंबूस वास आजही कुठं आला, तर माझे पाय रेणापूरच्या रस्त्याला लागतात. तिथंच आमचं शेत, काकांच्या आणि अण्णांच्या वाटणीचं.

आदल्या दिवशी दुपारी बब्या दादाला बोलवायला दारात आला. मायनं त्याला आत घेतलं, ताटलीत दोन गरम उंडे दिले. तो उभ्यानंच खायला लागला.

"तुमचं शेत कुठं हाय रे बाबू?" मायनं विचारलं. ती त्याला कधी बब्या म्हणायची नाही.

"आमाला कुठलं शेत, मावशी."

"मग उद्या आमच्याकडं ये. एसटीनं संगंच जाऊ."

"न्हाई मावशी, उद्या काम हाय," असं म्हणून तो दादाकडं बघून हसला. दादा हसला नाही. त्याच्या हातातला उंडा तसाच राहिला, हे मी पाहिलं. बातम्या आणणाऱ्या माणसाला असलं बरोबर दिसतं.

बब्या गेल्यावर माय अंबील ढवळता ढवळता म्हणाली, "दिग्या, सांजच्याला वझे सरांना सांगून ये. उद्या आपल्या संगं शेतावर चला म्हणाव."

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्यानला? ज्यानं मला काढलं त्यानला?"

"मग त्यांनी काय येळवशीला घरी बसायचं व्हय? लोक काय म्हणतील आपल्याला?"

"घरी कशाला बसतील? जातील की त्यांच्या शेतावर."

"अरे, त्यांचं शेत समुद्राच्या काठाला," माय हसत म्हणाली. "हितं त्यांचं कोण हाय? आनि कोकणात कुठली आलीय येळवस? गेल्या सालीबी दार लावून घरातच बसले होते. मलाच कुणी उशिरानं सांगितलं. लई वाईट वाटलं बघ."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. तो सांगून येतो म्हणाला, पण गेला नाही. जेवलाही नाही.

सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो, अण्णा त्या दिवशीही गाडीवर. माय घागरीला फडकं बांधत होती, मी पत्रावळी मोजत होते. दादा चुलीपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माय, आज वझे सरांचं घर फोडणार हायेत." मग सगळं घडाघडा बाहेर आलं. बब्या आणि ते दोघं. येळवशीला गल्लीत चिटपाखरू नसतं म्हणून हाच दिवस धरलेला. मागच्या खिडकीतून आत जायचं, दादानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं. त्या पोरांनी सगळा विचार केला होता. फक्त सर घरी असतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. येळवशीला सगळे शेतावर जातात हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं, की कुणाला शेतच नसेल हे चोरालासुद्धा सुचू नये! स्वतः बब्याला शेत नव्हतं, तरी त्याला सुचलं नाही. "त्यांच्यापाशी गज हाय," दादा म्हणाला. "सर आत असले, वरडले, तर..." तो रडायला लागला.

मला वाटलं, आता याची काही खैर नाही. मायनं हात पुसले, एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "सांगितलंस. बरं केलंस. चल आता." तिनं एक वेगळी शिदोरी बांधली. भज्जी, उंडे, खीर, तांब्याभर अंबील, वर पत्रावळी. शिदोरी बरीच मोठी होती. मी म्हटलं, "माय, एवढं कुणाला?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. घागर दादाच्या डोक्यावर दिली आणि आम्ही तिघं निघालो ते थेट वझे सरांच्या दारात.

सर बनियनवर होते, आत स्टोव्हवर भात. आम्हाला बघून लगबगीनं सदरा चढवून आले. माय पदर सावरून ओट्याच्या खालीच उभी राहिली. माझी माय कुणापुढं कधी लांबण लावायची नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"सर, आज येळवस हाय. तुमी आमच्या शेतावर जेवायला चला. आनि दुसरी गोष्ट. काही पोरांचा आज तुमचं घर फोडायचा बेत हाय. माझ्याच पोरानं सांगितलं, म्हंजी तोबी त्यात होता. नावं मला इचारू नका."

सरांनी दादाकडं पाहिलं. दादाची मान घागरीखाली. "मग पोलिसांत सांगायला हवं," सर म्हणाले.

"तुमची मर्जी. तुमचं घर हाय. पर एक करून बघा म्हणते मी. दिगूला ओट्यावर राखणीला बसवा आनि तुमी आमच्या संगं चला."

"याला?" सरांच्या तोंडून निघालं. "बाई, मी याला शाळेतून काढलंय."

"व्हय. म्हणून तर त्याला बसायला जागा पायजे."

आजच्या आया हे वाचून दचकतील. मीही आई झाल्यावर कितीदा दचकले. चौदा वर्षांचं पोर, समोरून तिघं येणार, एकाच्या हातात गज, आणि ही बाई त्याला तिथं सोडून निघाली! पण आज मला तिच्याइतकंच वझे सरांचं कौतुक वाटतं. माय तर आईच होती, तिला त्या पोरात काही दिसत होतं. सरांना त्यात काय दिसलं असेल? एका पोराचं कपाळ फोडलेला, चोरीच्या बेतात असलेला पोरगा. सर आत गेले, स्टोव्ह बंद केला, दाराला कुलूप घातलं, आणि किल्ली खिशात न टाकता दादाच्या हातावर ठेवली. "देशमाने," ते नेहमीच्या शाळेतल्या आवाजात म्हणाले, "संध्याकाळी परत द्यायची." मायनं घागर दादाच्या डोक्यावरून उतरवली, शिदोरी ओट्यावर ठेवली आणि त्याला सांगितलं, "कुणी आलं तर आधी जेवायला म्हणायचं. येळवस हाय."

मग एसटीत जी मजा झाली ती झाली. गाडीत अंबिलीच्या घागरी, टोपल्या, पोरंसोरं, उभं राहायला जागा नाही. सरांना बसायला जागा मिळाली, आणि मायनं घागर त्यांच्या मांडीवर दिली. पांढरा इस्त्रीचा सदरा, दोन्ही हातांनी घागर कवटाळलेली, प्रत्येक खड्ड्याला अंबील हिंदकळून फडक्यातून पाझरलेली! शाळेतली चार पोरं त्याच गाडीत होती. ती खिडकीबाहेर तोंड काढून हसत होती. सर म्हणाले, "वास तीव्र आहे." माय म्हणाली, "पोटात गेली की मऊ लागती."

शेतात काका-काकूंनी खोप आधीच उभारली होती. घोंगडी पांघरून अंबिलीचं मडकं घेऊन पिकातून फेरी मारायचं काम दरवर्षी दादाचं. यंदा काकांनी ते सरांवर टाकलं. सर ज्वारीच्या ताटांमधून ठेचाळत पुढं, काका मागं, आणि आम्ही पोरं, अर्थ न कळणाऱ्या कानडी वळणाच्या आरोळ्या ठोकत त्यांच्यामागं. जेवायला बसल्यावर सरांनी भज्जी तीनदा मागून घेतली. चौथ्यांदा काकूंनी न विचारताच वाढली. "आमच्याकडे असं काही नसतं," ते म्हणाले, आणि मग जरा वेळानं, "तिकडे आज कुणाला ठाऊकही नसेल." त्यांचा आवाज तेव्हा नाकातला वाटला नाही.

माय सगळ्यांना वाढत होती. "तू बस ना," काकू म्हणाल्या, तर "बसते, बसते" करत राहिली. तिनं घासही घेतला नाही. मी पुन्हा पुन्हा बघत होते. ती वाढता वाढता लातूरच्या रस्त्याकडं बघायची. पुढं कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं, "तुला भीती वाटली नव्हती का गं?" ती म्हणाली, "लई भ्याले होते. गजाचं भ्या होतंच. पर त्याच्याहून मोठं भ्या म्हंजी, पोरगं ओट्यावर असंल का त्यांच्यात असंल." संध्याकाळी पेंढ्यांच्या चुडी पेटवून पोरं शेताभोवती पळतात, तो आम्हा पोरांचा सगळ्यात आवडता खेळ. त्याआधीच तिनं आम्हाला उठवलं. मी भोकाड पसरलं, तरी ऐकलं नाही.

लातुरात उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. गल्ली अजून ओसच. स्टँडपासून माय इतकी भरभर चालत होती, की सरांनाही मागं पळावं लागलं. वळणावरून ओटा दिसला. दादा बसलेला होता. मागं कुलूप जसंच्या तसं. त्याच्या बाजूला खरकट्या पत्रावळी दुमडून, वर दगड ठेवून नीट रचलेल्या. चार होत्या. तांब्या पालथा.

माय ओट्याच्या पायरीवर मटकन बसली. तिनं दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून राहिली.

"कोणी आलं होतं?" सरांनी विचारलं.

"आले होते सर. जेवून गेले."

काय झालं ते दादानं मला नंतर सांगितलं. तिघं आले. दादाला कुलपासमोर बसलेला बघून आधी शिव्या दिल्या, मग बब्यानं गज दाखवला. दादानं मायनं सांगितलं होतं तेच म्हटलं, "येळवस हाय. आधी जेवा." आणि शिदोरी सोडली. बब्यानं भज्जीचा वास घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि गज भिंतीला टेकवून खाली बसला. त्या तिघांना त्या दिवशी दुसऱ्या कुणीच जेवायला बोलावलेलं नव्हतं. जेवण झाल्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, "चल, आता खिडकी बघू." बब्या म्हणाला, "गप रे. ह्याच ओट्यावर खाल्लं की आत्ता." खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात, पण बब्या त्यातला नव्हता. गज घेऊन ते आले तसे गेले.

दादानं किल्ली पुढं केली. सरांनी ती घेतली, घसा खाकरला आणि म्हणाले, "देशमाने, उद्यापासून शाळेत ये. उरलेले दिवस मी माफ केले."

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. पण माय उठून उभी राहिली. "नको सर. त्याचे दिवस पुरे होऊ द्या. त्या पोराच्या कपाळावर टाके हायेत. फकस्त तवर त्याला तुमच्या ओट्यावर बसू द्या. हितं अभ्यास करंल. घरी बसवून न्हाई भागत."

सरांनी मान डोलावली. मग त्या पत्रावळींकडं बघत त्यांनी विचारलं, "आता तरी सांगशील? कोण होते?"

दादानं मायकडं पाहिलं. तिनं मानेनंच हो म्हटलं. "सर, दोघं वरच्या गल्लीतले. आनि बब्या. बाबू."

"बाबू," सर म्हणाले. "डाळमिलवाल्या हमालाचा?" मग हळूच म्हणाले, "त्याला मीच काढला होता. दोन वर्षं झाली. महिनाभरासाठी. तो पुन्हा आलाच नाही."

माय रिकामी घागर काखेला लावत होती. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी शपथेवर सांगते. तिला खरोखरच विचारायचं होतं.

"मग त्याचे दिवस कधी पुरे व्हायचे, सर?"

सर तसेच ओट्यावर उभे होते, सदऱ्यावर अंबिलीचा डाग, हातात किल्ली. आम्ही घरी आलो. मायनं उरलेली भज्जी गरम केली आणि दिवसभरातला पहिला घास घेतला.

त्या तिघांतला एक पुढं तुरुंगात गेला, एक कुठं गेला कुणाला कळलं नाही. बाबूही काही मॅट्रिक वगैरे झाला नाही. आठवीच्या पुस्तकाशी त्याचं जमलं नाही ते नाहीच. त्याचं लातुरात पंक्चरचं दुकान आहे, केस पांढरे झालेत, आणि मी गेले की अजूनही चहाचे पैसे देऊ देत नाही. दर येळवशीला तो आमच्या शेतावर असतो. माय गेल्यापासून फेरीचं मडकं दादा त्याच्याच हातात देतो.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा डबा घेऊन मीच वझे सरांच्या घरी गेले. मायनं डबा दिला तेव्हा तो मला जड लागला. दोन माणसांचं जेवण भरलेलं होतं. वळणावर आले आणि बघितलं. ओट्यावर दादा पुस्तक उघडून बसला होता. त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन, बाबू बसलेला होता. दार सताड उघडं होतं, आणि आत वझे सर तिघांसाठी चहा टाकत होते.